शवविच्छेदनाच्या (पीएमच्या) ओट्यावर शिकलेलं: पशुवैद्यकीतलं विकृतीशास्त्र

माळरान:

मागच्या आठवड्यात इथे एका पालकांनी विचारलं होतं की मुलीला नीटमधून बीव्हीएससीला (पशुवैद्यकाच्या पदवीला) जागा मिळतेय, घ्यावी का. त्या धाग्यावर कुणीतरी लिहून गेलं, "दुसऱ्या वर्षाचं पॅथॉलॉजी म्हणजे मेलेल्या जनावरांचं पाठांतर. ते एकदा काढलं की पुढे सोपं." तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं. ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते.

मी पशुवैद्य आहे. पदव्युत्तर शिक्षण विकृतीशास्त्रातलं, म्हणजे पॅथॉलॉजीतलं, आणि नोकरीची बरीचशी वर्षं रोगनिदान प्रयोगशाळेत गेली. आमचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पहिल्या वर्षी निरोगी शरीर शिकायचं: हाडं, स्नायू, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे कप्पे, कोठीपोट कुठे, जाळीपोट कुठे. दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, परजीवीशास्त्र आणि विकृतीशास्त्र येतं, आणि तेच शरीर बिघडल्यावर कसं दिसतं ते समोर येतं. महाविद्यालय कुठलंही असो, परळ, नागपूर, परभणी, उदगीर नाहीतर शिरवळ, पीएम हॉलमधला तो सिमेंटचा ओटा कुणालाच चुकत नाही.

माझ्या पहिल्या पीएमबद्दल सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्यातच आहे.

म्हैस होती. विऊन तीन आठवडे झालेले. टेम्पोतून आणली तेव्हा सोबत घरची म्हातारी आजी आणि तिचा नातू. आम्ही बारा-पंधरा जणं गमबूट, एप्रन, हातमोजे घालून उभे. सरांनी कुणाला सुरीला हात लावू दिला नाही. आधी आजींना बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "काय काय होत होतं तिला?" आजी म्हणाल्या, वैरण कमी केली होती, रवंथ थांबला होता, दूध आटलं होतं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "ओढ्याकडं उतरताना कण्हायची. चढताना नाही, उतरताना." सरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्हाला काहीच कळलं नाही.

मग बाहेरून बघायला लावलं. पुढच्या दोन पायांच्या मध्ये, छातीखाली लोंबणाऱ्या कातडीला, म्हणजे पोळीला, सूज. बोटाने दाबलं तर खळगा पडून तसाच राहायचा. म्हैस डाव्या कुशीवर घेतली. रवंथ करणाऱ्या जनावराला डाव्या कुशीवरच घेतात, म्हणजे कोठीपोट खाली राहतं आणि बाकीचे अवयव मोकळे दिसतात. घोड्याला उजव्या. कातडी काढताना मानेची शीर दिसली, चऱ्हाटासारखी टम्म. छाती उघडली आणि कुबट वास आला. हृदयाभोवतीची पिशवी जाड झाली होती. चिरली तेव्हा राखाडी, घाण वासाचं पाणी वाहिलं, आणि आत हृदयावर पिवळट, खरबरीत थर. लोणी लावलेले ब्रेडचे दोन तुकडे एकमेकांवर दाबून सोडवावेत तसा. पुस्तकात त्याचं नाव तेच आहे, ब्रेड अँड बटर.

सरांनी हात आत घालून जाळीपोटापासून हृदयापर्यंत बोट फिरवलं. दोघांच्या मध्ये फक्त पडदा, एवढंसं अंतर. पडद्यातून एक घट्ट दोरीसारखी वाट गेली होती, आणि तिच्या टोकाला तार. करंगळीपेक्षा थोडी लांब, गंजलेली, एका टोकाला वाकलेली. सरांनी ती पाण्याखाली धुऊन आजींच्या समोर धरली. आजी बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "कडब्याच्या पेंढ्या बांधायला आणलेलं बंडल होतं, त्यातली."

जनावर वैरण जिभेने ओढून घेतं, फारसं न चावता गिळतं, त्यामुळे तार-खिळा त्याला तोंडात कळत नाही. जड वस्तू जाळीपोटात जाऊन पडते. जाळीपोट सारखं आकसतं, तार पुढे रेटली जाते. गाभणपणी पोटातलं वजन रेटतं, विताना कळा रेटतात. उतारावर सगळं आतलं वजन पुढे येतं आणि टोक टोचतं, म्हणून ती उतरताना कण्हायची.

मग सरांनी यकृत काढून कापलं. कापलेल्या भागावर गडद लाल ठिपके आणि मधे पिवळसर जाळी. सरांनी एप्रनच्या खिशातून एक जायफळ काढलं, सुरीने मधोमध कापलं आणि यकृताशेजारी ठेवलं. नक्षी हुबेहूब तीच. मला तो क्षण अजून दिसतो. सर म्हणाले, "आता कुणीतरी तारेपासून जायफळापर्यंत सांगा."

आम्ही अडखळत सांगितलं. तार हृदयाच्या पिशवीत गेली, तिथे पू झाला, पिशवी आवळली, हृदयाला पसरायला जागा उरली नाही, मग शरीरातून परत येणारं रक्त आत शिरेना. ते मागे तुंबलं, म्हणून मानेची शीर टम्म. शिरांतलं पाणी झिरपून पोळीत उतरलं, म्हणून सूज. यकृतात रक्त साचून मधल्या पेशी मेल्या, कडेच्या पेशींत चरबी साठली, म्हणून जायफळ. आजींनी सांगितलेली एकही गोष्ट उरली नाही, सगळ्या एका तारेला ओवल्या गेल्या.

यात पाठांतर कुठे आहे? नावं पाठ करावी लागतात, हे खरं. पण विकृतीशास्त्र म्हणजे एक बिघाड पुढच्या बिघाडाला कसा जन्म देतो ते शोधत मागे जाणं. जर्मन विकृतीशास्त्रज्ञ फिर्खो यांनी १८५८ साली मांडलं की रोग शेवटी पेशीत शोधायचा. तेव्हापासून माणसांचं असो की जनावरांचं, हे शास्त्र त्याच वाटेने चाललंय.

दुसरी गोष्ट. सरांचा एक नियम होता: ओट्यावर असताना रोगाचं नाव घ्यायचं नाही. आधी जागा, आकार, माप, रंग, घट्टपणा, संख्या, कापल्यावर आत काय. "फुप्फुसाला न्यूमोनिया आहे" म्हटलं की ते विचारायचे, "तुला न्यूमोनिया दिसतोय की लाल रंग दिसतोय?" माझी दोन वर्षं या एका प्रश्नात गेली आणि त्यावरच आज माझं पोट चालतं. नाव आधी सुचलं की डोळे बघायचे थांबतात. वाचकांत आता शिकणारी मुलं असतील तर त्यांनी अनुभव लिहावेत. प्रश्नही विचारा.

---

नदीकाठ:

ताई, मी सध्या दुसऱ्या वर्षालाच आहे. आमची पॅथॉलॉजीची प्रॅक्टिकल्स सुरू होऊन दोन महिने झाले. वासाचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात जेवण गेलं नाही, आता जातं. माझी अडचण स्लाइडची आहे. सगळ्या गुलाबी-जांभळ्या दिसतात. मॅडम म्हणतात "बघा, दिसतंय ना?" आणि सगळे हो म्हणतात, मीही म्हणते. खरं सांगायचं तर काही दिसत नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक सूक्ष्मदर्शकाखाली एक काच ठेवतात आणि ओळखायला सांगतात. त्याची आतापासून धास्ती आहे.

---

माळरान:

नदीकाठ, वर्गातल्या निम्म्यांना दिसत नसतं. हो म्हणू नका, "नाही दिसत" म्हणा. तुमच्या मॅडमना ते ऐकायला आवडेल.

आधी ती काच बनते कशी ते एकदा तंत्रज्ञांच्या शेजारी उभं राहून बघा. अवयवाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पक्का करायचा, मग त्यातलं पाणी काढून मेण भरायचं, त्या मेणाच्या ठोकळ्याचे मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनचे पापुद्रे काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर उचलायचे. मग दोन रंग. हिमॅटॉक्सिलिन हे एका झाडाच्या लाकडातून येतं, ते पेशीचं केंद्रक निळं-जांभळं करतं. इओसिन बाकीचं गुलाबी करतं. म्हणजे तुम्हाला "सगळं गुलाबी-जांभळं" दिसतंय ते बरोबरच दिसतंय. आता एवढंच विचारायचं: जांभळं जिथे असायला हवं तिथे आहे का? जिथे नको तिथे गर्दी आहे का? गुलाबी भागात केंद्रकं पुसली गेलीत का? केंद्रकं गेली म्हणजे तिथल्या पेशी मेल्या. जिथे नको तिथे जांभळ्या ठिपक्यांची गर्दी म्हणजे दाहाच्या पेशी जमल्या.

आणि काच आधी नुसत्या डोळ्यांनी, उजेडाकडे धरून बघा. मग सगळ्यात लहान भिंगाखाली. मुलं थेट चाळीसच्या भिंगावर उडी मारतात आणि हरवतात, गावाचा नकाशा न बघता एकदम एका घराच्या खिडकीत डोकावल्यासारखं. निरोगी यकृताची काच शेजारी ठेवून बघायची सवय लावा. परीक्षकांसमोर अवयव ओळखून, काय दिसतंय ते साध्या शब्दांत नीट सांगितलंत तर नाव चुकलं तरी ते तुम्हाला सोडून देणार नाहीत, पुढे नेतील. मी आता त्या खुर्चीत बसते, म्हणून सांगते.

आमच्या शास्त्रात स्वयंपाकघर भरलेलं आहे. ती नावं मनात एकदा बसली की जात नाहीत. जायफळ सांगितलंच. प्लीहेत अमायलॉइड (एक न विरघळणारं प्रथिन) साचलं की कापल्यावर शिजलेल्या साबुदाण्याचे दाणे दिसतात, म्हणून साबुदाणा प्लीहा. मेल्यावर हृदयात गोठलेलं रक्त पिवळं असेल तर कोंबडीची चरबी. फऱ्या रोगाने मेलेल्या जनावराच्या मांडीचा स्नायू कापला की खवट लोण्याचा वास येतो. हे एक मात्र स्वयंपाकघरातलं नाही, तरी सांगते: लाळ्या-खुरकुतात मोठी जनावरं बहुधा तगतात, पण लहान वासरं अचानक जातात, कधीकधी तोंडात फोडसुद्धा नसतो. हृदय बघितलं की त्यावर पिवळट पांढरे पट्टे, वाघाच्या अंगावर असावेत तसे. पुस्तकात त्याला वाघाचं हृदयच म्हणतात.

---

गोठेकर:

धागा छान चाललाय. मी शेतकरी, अकरा जनावरं आहेत, सांगोल्याकडचा. एक शंका विचारतो. दोन वर्षांपूर्वी माझी गाय रात्रीत गेली. सकाळी बघतो तर पोट फुगून नगारा. विमा होता, कानात बिल्ला होता. डॉक्टर दुपारी तीनला आले, पीएम झालं, दाखल्यावर "निश्चित कारण सांगता येत नाही" असं लिहिलं. कंपनीने सहा महिने फिरवलं. माझं म्हणणं, पोटफुगीनेच गेली हे डोळ्याला दिसत होतं. मग डॉक्टरांना का लिहिता आलं नाही? मी त्यांना दोष देत नाही, समजून घ्यायचं आहे.

---

माळरान:

गोठेकर दादा, गाय गेल्याचं वाईट वाटलं. तुमचा प्रश्न आम्हाला दुसऱ्या वर्षात अगदी पहिल्या काही तासांत शिकवतात.

जनावर कशानेही मेलं तरी कोठीपोटातला चारा आंबत राहतो, वायू तयार होत राहतो. त्यामुळे साप चावून गेलेली गायही सकाळी नगाराच दिसते. जिवंतपणी फुगली की मेल्यावर, हे ओळखायची एक खूण आहे. जिवंत असताना पोट फुगलं तर ते छातीवर दाबतं, छातीतलं रक्त मानेकडे ढकललं जातं. मग अन्ननलिका उघडली की मानेतला भाग लाल-जांभळा आणि छातीतला भाग फिक्का, दोघांच्या मध्ये सुरीने आखावी तशी रेघ. ती रेघ दिसली तर डॉक्टर छातीठोकपणे लिहू शकतात. पण उन्हात आठ-दहा तास गेले की अवयव स्वतःच्याच रसांनी विरघळायला लागतात, लाल सगळीकडे पसरतं, आतडी हिरवी-काळी होतात, आणि रेघ पुसली जाते. तुमच्या डॉक्टरांना तीन वाजता ती दिसली नसणार, म्हणून जे दिसलं नाही ते त्यांनी लिहिलं नाही. त्या दाखल्याने तुमचं नुकसान झालं, तरीही त्यांनी केलं ते बरोबर केलं असं मला वाटतं.

पुढे कधी अशी वेळ आली तर उजाडायच्या आधी फोन करा, जनावर सावलीत ओढा, अंगावर ओलं पोतं टाका. आणि एक कृपा करून लक्षात ठेवा. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट रक्त आलंय आणि ते गोठत नाहीये, अंग नीट ताठलेलं नाही, तर त्याला कुणी सुरी लावायची नाही. कातडी काढायची नाही. तो फाशी असू शकतो, काही ठिकाणी काळपुळी म्हणतात. शरीर बंद असेल तोवर ते जंतू आतल्या आतच सडून मरतात. उघडलं, हवा लागली, की ते बीजाणू बनतात आणि त्या मातीत दशकानुदशकं टिकतात. कातडं सोलणाऱ्या माणसाच्या हातालाही फोड येतो. आम्ही अशा वेळी फक्त कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेवर घेतो. मिथिलीन ब्ल्यूने रंगवला की चौकोनी टोकांच्या निळ्या कांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी वलय दिसतं. मग खोल खड्डा, चुना, आणि गाडणं. विद्यार्थ्यांना पीएम कसं करायचं हे शिकवायच्या आधी पीएम कधी करायचं नाही ते शिकवतात, ते याच रोगामुळे.

---

तालुका दवाखाना:

माळरान मॅडमच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी एकवीस वर्षं फील्डवर. आम्हाला ओटा मिळत नाही. बांधावर, बाभळीखाली, कधी मोबाइलच्या उजेडात पीएम करावं लागतं, पाणी मालक घागरीने ओततो. तरी शिकलेलं तिथेच उपयोगी पडतं.

२०२२ च्या पावसाळ्यात लंपी आला तेव्हा आम्ही सगळे गाठी बघत होतो, कारण गाठी बाहेर दिसतात. देवीच्याच कुळातला विषाणू. चावणाऱ्या माशा, डास, गोचीड यांच्यातून पसरतो. देशात २०१९ साली ओडिशात आला होता, पण आमच्याकडे २०२२ ला जे झालं ते आधी पाहिलं नव्हतं. दिवसभर शेळ्यांच्या देवीची लस टोचत गावं पालथी घालत होतो, कारण तेव्हा गायींना तीच देत. त्या धावपळीत माझ्या एका मालकाचं वासरू अंगावरच्या गाठी बसत आल्यावर गेलं. तो म्हणाला, "डॉक्टर, बरं होत आलं होतं, मग मेलं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हातात दहा गावं असताना मी पाऊण तास काढून ते उघडलं. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर तशाच गाठी, त्यातल्या काही सडून खड्डे पडलेले, आणि फुप्फुसाचे खालचे कोपरे घट्ट, यकृतासारखे. बाहेर बरं होत होतं, आत नव्हतं. त्यानंतर मी गाठींपेक्षा श्वास मोजायला लागलो, आणि धाप लागलेल्या वासरांना वेळीच उपचार सुरू झाले.

नमुन्यांबद्दल माझी एक चूक सांगतो, इंटर्नशिपमधली. एका मेंढपाळाच्या चार मेंढ्या एका रात्रीत गेल्या. मी यकृताचा मुठीएवढा तुकडा अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबला, वर जेमतेम बुडेल एवढं फॉर्मॅलिन ओतलं आणि पाठवला. प्रयोगशाळेतून उत्तर आलं, तुकडा मधून सडलेला, तपासणी शक्य नाही. फॉर्मॅलिन बाहेरून आत हळूहळू जातं, म्हणून तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि औषध त्याच्या दहापट हवं. हे मला परीक्षेत लिहिता आलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच्या आणखी सात मेंढ्या गेल्या. त्यानंतर मी रुंद तोंडाच्या बरण्या गाडीत ठेवतो, आणि जंतू वाढवून बघायचे असतील तो तुकडा फॉर्मॅलिनशिवाय, बर्फावर. हे दोन नमुने एकमेकांत गेले की दोन्ही वाया.

नदीकाठ, परीक्षेचं सोडा, हे एवढं पक्कं करा.

---

कडेकपारी:

मी पशुवैद्यकातला नाही, पक्षी बघणारा. पण एका शवविच्छेदनाने आमचं जग बदललं, ते इथे लिहायलाच हवं.

नव्वदच्या दशकात गिधाडं संपत चालली. भरतपूरला बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) विभू प्रकाश यांनी मोजणी करून ते पहिल्यांदा दाखवून दिलं. झाडावर बसलेली गिधाडं मान खाली टाकून असायची आणि मग पडायची. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, अन्न कमी झालं असेल, सगळे तर्क झाले. मेलेल्या पक्ष्यांना उघडल्यावर दिसत होतं ते एकच: यकृत, मूत्रपिंड, हृदय यांच्यावर खडूची पूड फासावी तसा पांढरा थर. मूत्रपिंडं निकामी झाली की पक्ष्याच्या रक्तातलं युरिक आम्ल अवयवांवर साचतं, त्याचा तो थर. म्हणजे प्रश्न "गिधाडं का मरतात" असा न राहता "मूत्रपिंड कशाने निकामी होतं" असा झाला. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करून २००४ साली उत्तर दिलं. जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक, डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं ढोर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं, दोन-तीन दिवसांत पक्षी गेला. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम आलं. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं शंभरातली जेमतेम एखादी उरली होती.

म्हसळ्याजवळ चिरगावच्या झाडांवर मी गिधाडाची घरटी पाहिली, तेव्हा तो खडूचा थर पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसांची आठवण आली.

---

आई_वाचतेय:

मूळ धागा माझाच होता. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. मुलगी शेजारी बसून वाचतेय. तिचा प्रश्न आहे: जनावराचा जीव वाचवायला डॉक्टर व्हायचं, मग मेलेल्यांपाशी इतका वेळ घालवताना मन खचत नाही का?

---

माळरान:

खचतं, ताई. खोटं सांगणार नाही. पण ओट्यावरचं जनावर क्वचितच एकटं असतं. गोठ्यात त्याच्या शेजारी बांधलेली चार असतात, कळपात पन्नास असतात. त्या आजींच्या घरी म्हशीची रेडी होती आणि दुसरी एक गाभण म्हैस. सरांनी त्याच दिवशी नातवाला सांगितलं, कडबा कुट्टीत घालायच्या आधी लोहचुंबक फिरव आणि ते तारेचं बंडल गोठ्यातून बाहेर काढ. महिन्याभराने नातू महाविद्यालयात आला, चुंबकाला चिकटलेले चार खिळे आणि एक सुई कागदात बांधून. मुलीला सांगा, त्या दिवशी आम्ही कुणीच खचलो नव्हतो.

---

जुनी पाटी:

निवृत्त आहे, कमी लिहितो. बुळकांडीचं (रिंडरपेस्ट, गुरांची जीवघेणी साथ) कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण आता शिकणाऱ्या मुलांनी ती फक्त पुस्तकात पाहिली आहे आणि तीच आमच्या पिढीची कमाई.

नोकरी लागली त्या वर्षी पहिलं पीएम बुळकांडीचंच. डोळ्यांतून पाणी, हिरड्यांवर कोंडा पसरल्यासारखे व्रण, पिचकारीसारखी हगवण, आणि सहा-सात दिवसांत बैल आडवा. गुदाशय उभा चिरला की आत लांब लाल रेघा, झेब्र्याच्या पट्ट्यांसारख्या. तो वास आणि त्या रेघा एकदा पाहिल्या की पुन्हा कुणाला विचारावं लागत नसे. या रोगाने शेतकऱ्याची औतं उभी राहायची. जगातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय फ्रान्समध्ये लियोंला १७६१ साली निघालं ते प्रामुख्याने याच रोगाच्या धास्तीने. आपल्याकडे १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली, पुढे ती कुमाऊँत मुक्तेश्वरला गेली, आज तिला आपण आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) म्हणतो. तिथेच एडवर्ड्स यांनी शेळीत मवाळ केलेल्या विषाणूची लस काढली. मग गावोगाव टोचणी. भारत २००६ साली बुळकांडीमुक्त ठरला, जग २०११ साली. माणसाच्या देवीनंतर समूळ गेलेला हा दुसराच रोग.

शेवटच्या वर्षांत टोचणी बंद करून नुसती पाळत ठेवायची होती. तेव्हा आम्ही हगवणीने मेलेलं प्रत्येक ढोर उघडून रेघा शोधत असू. रेघा नाहीत, असं लिहिताना हात थरथरायचा. रेघा नाहीत, असे दाखले मी किती लिहिले याचा हिशोब नाही, पण माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोलाचं काम तेच.

---

माळरान:

सर, हे वाचून दोनदा थांबले. माझ्या पिढीला त्या रेघा बरणीतल्या नमुन्यात दिसल्या, तुमच्यामुळे.

---

नदीकाठ:

परत आले. आज पहिल्यांदा स्वतः सुरी धरली. कोंबडी होती, जवळच्या शेडमधली, तीन दिवसांत शंभरावर मेल्यात म्हणे. ताईंचा नियम पाळते, नाव घेत नाही. वहीत लिहिलं तसंच इथे देते.

तुरा निळसर. मान एका बाजूला वळलेली. गुदद्वाराजवळची पिसं हिरवट विष्ठेने माखलेली. ग्रंथीपोट उघडलं, आतल्या बाजूला प्रत्येक ग्रंथीच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका. मोजायचा प्रयत्न केला, तीसपर्यंत मोजले. पाण्याने धुतल्यावर गेले नाहीत. गिझार्डच्या बाजूला कडेने लाल पट्टा. आतडं बाहेरून दोन ठिकाणी काळपट लाल दिसलं, साधारण दीड सेंटिमीटर लांब.

मॅडमनी वही बघितली आणि काही न बोलता वर एक बरोबरची खूण केली.

---

माळरान:

शाबास! तुमच्या लिहिण्यावरून मला ते ग्रंथीपोट दिसलं. याहून जास्त कौतुक आमच्या खात्यात नसतं.

आता पुढचं. आतडं बाहेरून काळपट दिसलं त्या जागी आतून चिरलंत का? आत व्रण आहे की नुसता रंग? सीकल टॉन्सिल (आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांच्या तोंडाशी असलेल्या गाठी) पाहिलेत? श्वासनलिका उघडली? मेंदू काढला? मानमोडी (राणीखेत) तुमच्या मनात आली असेल, माझ्याही आली, पण हेच ठिपके बर्ड फ्लूतही दिसू शकतात. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्या मरायला लागल्या तेव्हाही आधी मानमोडीचंच नाव घेतलं गेलं होतं, मग भोपाळच्या प्रयोगशाळेने खरं काय ते सांगितलं. तेव्हा मास्क होता ना तोंडाला? नमुने कुठे पाठवले?

---

नदीकाठ:

मास्क, चष्मा, दुहेरी हातमोजे, सगळं होतं. नमुने मॅडमनी बर्फावर औंधच्या प्रयोगशाळेत पाठवले. श्वासनलिका उघडली, आत चिकट फेस होता, अस्तर लाल. आतडं आतून चिरायचं राहिलं.

उद्या त्याच शेडमधल्या आणखी दोन येणार आहेत.

---

माळरान:

मग उद्या आतड्यापासून सुरुवात करा. आणि मोजायला छोटी पट्टी सोबत न्या.